कठड्याचा खालचा तुकडा

मी एक जुना लाकडी कठडा आहे. चौदा पायऱ्यांच्या एका जिन्याच्या कडेने मी खालून वर गेलो आहे. माझ्या समोर भिंत आहे आणि मध्ये पायऱ्या. जिना चढताना तुम्ही ज्याला धरता, किंवा धरायला हवे तरी धरत नाही, तो मी. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेली मंडळी सहसा आधी आपले गुण सांगतात. मी दोषापासून सुरुवात करतो. मी जळका आहे. लाकडाने हा शब्द स्वतःविषयी जरा जपून वापरावा हे मला कळते, पण दुसरा शब्द नाही.

पायऱ्या आणि मी एकाच झाडाचे. एकाच गाडीतून आलो, एकाच मांडवाखाली वाळलो. आमचा सुतार मोठा नेमका माणूस होता. पायऱ्यांची त्याने पट्टीने मापे घेतली, पण माझ्यासाठी त्याने वेगवेगळ्या जाडीच्या पाच दांड्या तासून आणल्या आणि घरातल्या प्रत्येकाला त्या मुठीत धरायला लावल्या. घरमालकांनी धरल्या, त्यांच्या बायकोने धरल्या, मुलाने धरल्या. मुलगी तेवढी राहिली. पंचविशीतली ती मुलगी वरच्या खोलीत पुस्तकबांधणीचे काम करायची. सुताराने हाक मारली तेव्हा तिने दारातूनच दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत खळ लागली होती. "माझं माप कशाला हवंय? बाबांचं घेतलंत ना, तेच चालेल," असे म्हणून ती पुन्हा आत गेली. मी तेव्हा साधी फळी होतो, तरी ते बोलणे माझ्या मनाला लागले.

त्या मुलीला आज सगळे आत्या म्हणतात. आता ती सत्तरीची आहे. तिचा भाचा तिला आत्या म्हणतो, भाच्याची बायको म्हणते, पुस्तके घेऊन येणारी माणसेही म्हणतात. भाच्याची आठ वर्षांची मुलगी तेवढी तिला आत्याआजी म्हणते. ही मुलगी जिन्यावर कधी चालत नाही, पळतेच, म्हणून घरात तिचे नाव खार पडले आहे.

मी जिन्याला लागलो त्या दिवसापासून पाहुणे एकच गोष्ट बोलत आले. "काय सुंदर पायऱ्या आहेत हो तुमच्या!" पायऱ्यांना दर रविवारी मेण लागायचे. आधी घरमालक लावत, त्यांच्यामागे हे काम भाच्याने घेतले. चष्म्याच्या दुकानात आठवडाभर लोकांचे डोळे तपासून तो रविवारी सकाळी गुडघे टेकून बसे आणि एकेक पायरी अशी घासे, की तिच्यात खिडकी दिसू लागे. शेवटी फडक्यात जे काही उरेल ते तो माझ्यावरून एकदा फिरवी. एकदाच, तेही उठता उठता. माझ्या अंगाचा तिळपापड होई. पायऱ्या माझ्याच झाडाच्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्यावर तर लोक चपला घालून चढतात. तरी कौतुक त्यांचे, आणि मी म्हणजे ओले टॉवेल टाकायची जागा!

खरे सांगायचे तर सगळे माझ्याशी असे वागत नसत. घरमालक म्हातारे झाले तेव्हा एक हात काठीवर आणि दुसरा माझ्यावर असे. भाचा लहान असताना माझ्यावरून घसरत खाली यायचा आणि आईचा मार खायचा. खारही तेच करते. पण मला हवा होता तो हात आत्याचा. इतकी वर्षे ती दिवसातून आठदहा वेळा माझ्या शेजारून गेली असेल, आणि तिने मला कधी धरले नाही.

याचे कारण पुस्तके. खालच्या दारात लोक फाटकी पुस्तके आणून ठेवत. ती पुस्तके दोन्ही हातांवर रचून, वर हनुवटी टेकवून आत्या जिना चढे. तशीच बांधून झालेली पुस्तके घेऊन उतरे. पुस्तकांच्या आड तिला पाय दिसत नसत. म्हणून ती पायऱ्या मोजी. एक, दोन, तीन, असे ओठातल्या ओठात चौदापर्यंत. तिच्या चपलेला पायरीची कड लागली की टक् असा आवाज होई आणि ती पुढचा आकडा घेई. बघा म्हणजे! पायऱ्यांना ती रोज नंबराने हाक मारत होती. पुस्तकांना तर छातीशी धरत होती. आणि मी हातभर अंतरावर हात पसरून उभा. कधीतरी तोल सावरताना तिचे कोपर मला घासून जाई. तेवढ्यावर मी आठवडा काढी.

आता अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. तिथूनच माझ्या मत्सराने हद्द ओलांडली.

आत्याने एक मोठा शिकंजा विकत घेतला. शिकंजा म्हणजे पुस्तके दाबून ठेवायचे लोखंडी यंत्र. जिन्याच्या तळाशी ते वळेना, कारण तिथे माझा खांब आड येत होता. सहा माणसे घाम पुसत उभी राहिली. मग नवा सुतार आला. त्याने माझ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि तळाच्या चार पायऱ्यांजवळचा माझा तुकडा, खांबासकट, करवतीने कापून वेगळा केला. "यंत्र वर जाऊ द्या. दोन दिवसांत येऊन जोडून देतो," तो म्हणाला. दुखले का म्हणाल, तर दुखले. पण दोन दिवसांचाच प्रश्न होता.

यंत्र वर गेले. त्याच्याबरोबर तो तुकडाही कुणीतरी वर नेऊन ठेवला, वाटेत नको म्हणून. दोन दिवसांनी सुतार खरोखरच आला. सुतार सांगितल्या दिवशी आला हे या घराचे नशीब, आणि ते नशीब घराने वाया घालवले. कारण तोवर आत्याने तो तुकडा खिडकीपाशी दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता आणि त्यावर ओली कव्हरे वाळत घातली होती.

"अहो, राहू दे आता," ती सुताराला म्हणाली. "किती दिवस अशी दांडी शोधत होते मी. गुळगुळीत आहे, कापडाला वळ पडत नाहीत."

"आणि खाली?"

"खाली चारच तर पायऱ्या आहेत. पडून पडून कोण किती पडणार?"

सगळे हसले. सुतार चहा पिऊन गेला. अकरा वर्षे माझे खालचे टोक चौथ्या पायरीजवळ तसेच उघडे राहिले. येणारेजाणारे तिथून भिंतीला हात टेकवत आणि कुणाला काही वावगे वाटत नसे.

मित्रांनो, दुसऱ्याचा हेवा सगळेच करतात. मी स्वतःचाच हेवा करू लागलो. वरून मला तिचा आवाज येई. ती त्या तुकड्यावरून हात फिरवून खळ पुसत असे, कव्हर सारखे करत असे, कधी त्याला टेकून उभी राहून उन्हात दोरा ओवत असे. मी ज्या हातासाठी झुरत होतो तो हात दिवसभर माझ्याच लाकडावर होता, फक्त मी तिथे नव्हतो. एकाच दांड्याचे दोन भाग, एकाचे नशीब उघडले आणि दुसऱ्याच्या पोटात दुखायला लागले.

यंदा घरात घसरण्याचे सत्र सुरू झाले. आधी खार मोजे घालून पळाली आणि तीन पायऱ्या बसूनच उतरली. मग दूध देणाऱ्याचा पाय सरकला. त्यानंतर एका दुपारी आत्याचा पाय नवव्या पायरीवर लटपटला. ती भिंतीला जाऊन टेकली म्हणून वाचली. पुस्तक एकही पडले नाही, याचेच तिला कौतुक.

भाच्याच्या बायकोने मात्र ते पाहिले आणि धावत येऊन आत्याचे गुडघे, घोटे चाचपले. तिचे काम म्हणजे हाडे मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणे. त्यामुळे तिची भीती आपल्यासारखी मोघम नसते. तिला हाडाचे नाव माहीत असते आणि ते जुळायला किती आठवडे लागतात तेही.

"माझ्याकडे रोज येतात असे लोक," ती त्या संध्याकाळी जेवताना म्हणाली. "सगळे एकच सांगतात, एक पायरी चुकली. जिन्यावर कार्पेट घालू या. नाहीतर आत्या, तुम्ही खाली या. पुढची खोली देते तुम्हाला."

"आणि शिकंजा?"

"तो राहील वर."

"मग मी खाली येऊन काय करू? हाताची घडी घालून रस्ता बघत बसू?" आत्याने ताट पुढे सरकवले. "माझं काम वर आहे, मी वर राहणार. जिन्याचं काय करायचं ते करा."

"आधी मेण बंद कर," बायको नवऱ्याला म्हणाली. "आरसा केलायस त्या पायऱ्यांचा."

भाच्याला ते फार लागले. "मेणानं लाकूड टिकतं! चाळीस वर्षं कुणी पडलं नाही त्या मेणावरून."

"चाळीस वर्षांपूर्वी आत्या सत्तरीच्या नव्हत्या."

खारीने विचारले, "कार्पेट लाल आणायचं का?" आणि तिला गप्प बसायला सांगण्यात आले.

अशा तऱ्हेने कार्पेटची चर्चा घरात शिरली आणि पंधरा दिवस मुक्कामाला राहिली. कार्पेट घातले तर पाय सरकणार नाही, पडले तरी मार कमी लागेल, असे बायकोचे म्हणणे. त्यात धूळ बसेल, पायरीची कड दिसेनाशी होईल आणि इतके देखणे लाकूड झाकले जाईल, असे भाच्याचे. आत्याचे म्हणणे वेगळेच होते. "टक् ऐकू आलं नाही तर मी मोजू कशी?" ती एकदाच बोलली, आणि हा मुद्दा कुणी फारसा मनावर घेतला नाही. माझ्याविषयी पंधरा दिवसांत एक शब्द नाही. मी मात्र प्रत्येक शब्द ऐकत होतो आणि आतून धुमसत होतो. ज्या पायऱ्यांनी माणसे पाडली त्यांनाच बक्षीस म्हणून मऊ पांघरूण? घसरायचे यांनी आणि पायघड्याही यांनाच?

कार्पेटवाला नमुने घेऊन आला. जाड भिंगाचा चष्मा लावलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने पायरीवर बोट फिरवले, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, "यावर कार्पेट बसायचं नाही. आधी हे मेण खरवडून काढावं लागेल. कार्पेट पातळ घ्या, ताणून घ्या, प्रत्येक पायरीच्या पोटात पट्टी ठोकून बसवावं लागतं. वरवर घातलंत तर नसलेलं बरं." मग त्याने मान वर केली. "आणि खाली कठडा नाही?"

मित्रांनो, अकरा वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी बोलले. माझ्या रेषारेषांतून काहीतरी सरकले.

"आहे ना," भाचा म्हणाला. "वर आहे. कामात आहे."

कार्पेटवाल्याने एकवार भाच्याकडे पाहिले, एकवार आत्याकडे, आणि तो पुन्हा नमुने उलगडू लागला. दुसऱ्याच्या घरात किती बोलायचे याचे भान असलेला माणूस होता तो. मला वाटले, अरे, अजून एकदा विचार ना! पण तो रंग दाखवत होता.

मेण खरवडायचे म्हटल्यावर भाच्याचा जीव खालीवर झाला. त्याने मधला मार्ग काढला. करड्या रंगाचे, तळाच्या पाच पायऱ्यांना पुरेल एवढे कार्पेट घेतले आणि स्वतःच बसवले. "आठवडाभर बघू. बरं वाटलं तर त्या माणसाला बोलावू, नाही वाटलं तर काढून टाकू. लाकूड तरी खराब व्हायला नको." म्हणून त्याने मेण तसेच ठेवले. खिळ्यांची भोके दिसतील म्हणून प्रत्येक पायरीला टोकाशी दोनच बारीक खिळे मारले, तेही हलक्या हाताने. माणूस वाईट नव्हता. पायऱ्यांवर त्याचे प्रेम होते, आणि त्याच प्रेमापोटी त्याने ते कार्पेट नुसते टेकवून ठेवले.

घरात कार्पेटची वाहवा झाली. खार त्यावर बसून अभ्यास करू लागली. बायकोने अनवाणी चालून पाहिले आणि बऱ्याच दिवसांनी हसली. शेजारीण बघून गेली. मी वरच्या दहा पायऱ्यांशी उघडाबोडका उभा होतो आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या.

चौथ्या दिवशी खालून तिसऱ्या पायरीचा एक खिळा निघाला. खार तिथून उडी मारून गेली तेव्हा निघाला, आणि कार्पेटची कड बोटभर उचलली गेली. ते कुणाला दिसले नाही. मला दिसले. मी लाकूड आहे, मला ओरडता येत नाही, तेव्हा सांगितले नाही म्हणून मला कुणी दोष देणार नाही. पण मला त्या वेळी काय वाटले तेही मी लपवणार नाही. मला आनंद झाला. आता फजिती होऊ दे याची, असे मी मनात म्हणालो. कुणाचा तरी पाय अडकावा, थोडे ठेचकाळावे, आणि हे लाडके कार्पेट गुंडाळून बाहेर फेकले जावे. तो कुणीतरी कोण असेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. मत्सराला एवढे लांबचे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या नऊ पुस्तके घेऊन उतरली. शाळेच्या वाचनालयाची होती, नव्या निळ्या कव्हरांची. ती नेहमीसारखी मोजत होती. वरून नऊ पायऱ्या टक्, टक् वाजल्या. दहावीपासून कार्पेट. आवाज बंद झाला. ती क्षणभर थांबली, पायाने चाचपले, अकरा म्हणाली आणि पुढे आली. अकरावी गेली. बाराव्या पायरीवर, म्हणजे खालून तिसरीवर, तिचे पाऊल पडले आणि कार्पेट मेणावरून तिच्या पायासकट पुढे सरकले.

तिने पुस्तके सोडली. या घरात तसे कधी झाले नव्हते. नऊच्या नऊ हवेत गेली आणि तिचा उजवा हात बाजूला झेपावला. माझ्याकडे. पंचेचाळीस वर्षे मी ज्या हाताची वाट पाहिली तो हात बोटे पसरून माझ्याकडे आला, आणि मी तिथे नव्हतो. माझे कापलेले टोक तिच्या खांद्याच्या मागे राहिले होते. जिथे मी असायला हवा होतो तिथे तिची मूठ मिटली, रिकामीच. मग ती त्याच हातावर पडली.

त्यानंतरचा आवाज मी सांगणार नाही.

मनगट दोन ठिकाणी मोडले होते. हात गळ्यात बांधून आत्याला पुढच्या खोलीत आणले. ज्या खोलीला ती नाही म्हणाली होती तीच खोली. तिथून माझे तळाचे टोक दिसते, त्यामुळे मलाही ती दिसत होती. पुस्तके कुणीतरी गोळा करून दाराशी रचली. त्यांतल्या दोन पुस्तकांचे कोपरे चेपले होते. आत्या तेवढ्यासाठी तळमळत होती.

संध्याकाळी घरातली मोठी माणसे तिच्या पलंगाभोवती बसली. भाचा मान खाली घालून म्हणाला, "मी खिळे कमी मारले."

"कार्पेटचा हट्ट माझा होता," बायको म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. दिवसभर परक्या माणसांचे हातपाय धीराने हलवणारी ती, पण आत्याचे मनगट बघून तिचा धीर सुटला होता.

"आणि दोन्ही हातांत पुस्तकं घेऊन जिना उतरत होते ते कोण?" आत्या म्हणाली. "माझ्यावर रागवायला कुणाला सुचत नाही का?" मग ती छताकडे बघत म्हणाली, "मी हात टाकला होता रे. धरायला. तिथे काही नव्हतं."

भाच्याने जिन्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. मलाही, मित्रांनो, कुठे बघावे ते कळेना. मी हवे तितके म्हणू शकलो असतो, की बघा, मला विचारले नाही ना, आता भोगा. हा माझ्या जिंकण्याचा क्षण होता. पण जिंकल्यासारखे काही वाटत नव्हते. कालचा तो आनंद मला आठवत होता आणि तो आता माझाच मला नकोसा झाला होता.

तेवढ्यात वरून धडाक् असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. सगळे दचकून उठले. खार जिन्याच्या वरच्या टोकाशी उभी होती. तिने वाळलेली कव्हरे एकेक करून काढून टेबलावर नीट रचली होती, हे नंतर कळले. आणि आता ती माझा तो तुकडा, खांबासकट, दोन्ही हातांनी धरून एकेका पायरीवरून आपटत खाली आणत होती. तिच्या बापाच्या त्या आरशासारख्या पायऱ्यांना दर आपटीला खोक पडत होती.

"अगं, पायऱ्या!" तो ओरडला. मग स्वतःच थांबला आणि मुकाट्याने जाऊन त्याने दुसरे टोक उचलले.

तुकडा त्यांनी आत्याच्या पलंगाला लावून उभा केला. अकरा वर्षांनी मी माझ्या खालच्या भागाला इतक्या जवळून पाहिले. मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या! त्याच्यावर वाळलेल्या खळीचे थर बसले होते, दोऱ्यांचे बारीक चरे पडले होते, एका बाजूला उन्हाने रंग उडाला होता. तोही नुसता आराम करत नव्हता. आत्याने डाव्या हाताने त्याच्यावरून बोट फिरवले.

"जोडून टाका," ती म्हणाली.

"आणि कव्हरं कशावर वाळवाल?" बायकोने विचारले.

"दोरी बांधा ना गं. दोरीला काय झालंय? वळ पडले तर पडले."

दोरी! मित्रांनो, अकरा वर्षे जी गोष्ट एका दोरीने भागली असती तिच्यासाठी माझा तुकडा वर अडकून पडला होता. पण त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावला नाही, आणि मीही लावत नाही.

सुतार आला. त्याने तुकडा जोडला, आतून लोखंडी पट्टी बसवली, खांब जमिनीत पक्का केला आणि जाताना सगळे वजन टाकून मला हलवून पाहिले. दुसरीकडे, भाच्याने तीन रविवार खर्चून सगळे मेण खरवडून काढले. त्याच हातांनी लावलेले मेण त्याच हातांनी काढताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग जाड भिंगाच्या चष्म्याचा तो कार्पेटवाला पुन्हा आला. त्याने सगळ्या चौदा पायऱ्यांना पातळ कार्पेट ताणून बसवले. आत्याचा जुना मुद्दा यावेळी बायकोने स्वतः मांडला. म्हणून प्रत्येक पायरीच्या कडेला त्याने पितळेची खरखरीत पट्टी ठोकली. आता पाय पडला की टक् आवाज येतो आणि पाय सरकतही नाही. पुस्तके भाचा आणि त्याची बायको वरखाली करतात. खारीला एका वेळी एकच नेण्याची परवानगी आहे.

म्हणजे कार्पेट आले ते आलेच, आणि तेही सगळ्या पायऱ्यांवर. अजूनही पाहुणे आले की त्याचेच कौतुक करतात. आणि मी सुधारलो वगैरे म्हणालो तर ते खोटे होईल. अजूनही जळतो. फक्त आता जळताना मला जरा लाज वाटते.

दीड महिन्याने आत्याचे प्लास्टर निघाले. भाच्याच्या बायकोने रोज तिच्याकडून हाताचे व्यायाम करून घेतले होते. तरी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट पुरते मिटत नव्हते. त्या सकाळी सगळे जिन्याच्या तळाशी जमले. आत्या आली. सवयीने तिचे दोन्ही हात छातीसमोर वर आले, पुस्तकांचा ढीग धरल्यासारखे. हात रिकामे आहेत हे तिच्या लक्षात आले आणि ते कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. चढताना मी डावीकडे येतो, तरी ती माझ्याकडे वळली आणि तिने उजवा हात माझ्यावर ठेवला.

मी याची किती वर्षे वाट पाहिली होती ते तुम्हाला माहीत आहे. तो हात असा येईल असे मला वाटले नव्हते. थंड, हलका, अर्धाच मिटणारा. आता तिला सुई धरता येते, पण दोरा ताणून ओढता येत नाही. दिवसाला एक पुस्तक झाले तरी पुष्कळ. मला जे हवे होते ते मिळाले, आणि ज्या कारणाने मिळाले ते कारण मी परत देऊ शकलो असतो तर त्याच क्षणी दिले असते. तिने पुन्हा दोन्ही हातांत नऊ पुस्तके घ्यावीत आणि माझ्याकडे ढुंकूनही बघू नये, हेही मी हसत सोसले असते.

मग डाव्या हाताने मला धरून ती चौदा पायऱ्या चढली. वर पोचल्यावर तिने शिकंज्याचा दांडा डाव्या हाताने फिरवल्याचा आवाज खाली आला, तेव्हा भाचा डोळे पुसायला बाहेर गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी जिना असेल तर आज एक काम करा. कार्पेट घालायचे की नाही ते मोठ्यांना सावकाश ठरवू द्या. तुम्ही कठड्यापाशी जा आणि त्याला वरपासून खालपर्यंत हात लावून या. मध्येच हात रिकामा पडतो का बघा. पडला तर घरात सांगा, आणि उद्यावर ढकलू देऊ नका. चढताना, उतरताना एक हात मोकळा ठेवा. आम्ही आतून कितीही जळलो, कितीही माया केली, तरी आम्हाला पुढे होऊन पडणाऱ्याला धरता येत नाही. आम्हाला फक्त जागेवर असता येते, आणि तेही कुणीतरी ठेवले तरच.